वाचकांचे प्रश्न : क्लचच्या पेडलची उंची

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक नऊ वर्षे जुनी असून तिचा क्लच केबलवर चालतो. गेले काही महिने क्लच फार वर पकडत असे; पाय जवळजवळ पूर्ण उचलल्याशिवाय गाडी हलत नसे आणि रहदारीत अडकलो की गुडघा भरून येई. गॅरेजमध्ये पेडलची उंची कमी करून मागितली. त्यांनी पेडलजवळचा बोल्ट फिरवून ते ब्रेकच्या पेडलपेक्षा खाली आणले आणि त्यानंतर केबलही सैल केली. पायाला आता बरे वाटते, परंतु रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो आणि सकाळी पहिला गिअर पडायला जड जाते. उंचीत आणखी फेरफार केल्यास हे थांबेल का? हे काम घरी करता येते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : उंचीत आणखी फेरफार करू नये, उलट पेडल आधी मूळ उंचीवर न्यावे. आपल्या तक्रारीत तीन मापांची सरमिसळ झाली आहे आणि गॅरेजमधील कामातही ती तशीच राहिली. पहिले माप पेडलच्या उंचीचे, म्हणजे पाय ठेवलेला नसताना गाडीच्या जमिनीपासून पेडलच्या रबरापर्यंतचे अंतर. दुसरे फ्री प्लेचे, म्हणजे पेडल हाताने दाबू लागल्यावर खरा विरोध लागेपर्यंतचे सुरुवातीचे सैल अंतर. तिसरे माप क्लच कुठे पकडतो याचे. आपला त्रास तिसऱ्या मापाशी निगडित होता, दोष बहुधा दुसऱ्यात होता आणि पाना मात्र पहिल्यावर चालला.

पेडलची चाल वर स्टॉपरने आणि खाली जमिनीने बांधलेली असते. समजण्यासाठी ही चाल १४० मिमी धरू. त्यातील सुरुवातीचे सुमारे २० मिमी फ्री प्लेमध्ये जातात, त्यापुढच्या चालीत क्लच प्लेटला इंजिनाच्या फिरत्या चाकावर (फ्लायव्हीलवर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे ओढली जाऊन क्लच प्लेट मोकळी होते आणि प्लेट पूर्ण सुटल्यानंतरही पेडल टेकेपर्यंत २५ मिमीच्या आसपास चाल शिल्लक राहावी लागते. या एवढ्या मोठ्या चालीतून गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या, प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगला जेमतेम आठ-दहा मिलिमीटर सरकता येते, म्हणून बेअरिंगपाशी एक मिलिमीटर कमी-जास्त झाला तरी पायाखाली तो दहा-पंधरा मिलिमीटर होऊन जाणवतो. आता पेडल वरून २५ मिमी खाली आणले, तर खालची जमीन काही खाली जात नाही. गेलेली चाल कुठून तरी वजा होणारच. आपल्या गाडीत बोल्टने पेडल खाली दाबताच केबल ताणली जाऊन फ्री प्ले संपला असणार; तो परत मिळवण्यासाठी केबल सैल केली गेली आणि वजाबाकी शेवटी तळाच्या राखीव चालीतून झाली. पेडल जमिनीला टेकले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही आणि इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट थोडा फिरवतच ठेवते. बहुतेक गाड्यांत पुढच्या गिअरना वेग जुळवून देणाऱ्या सिंक्रोनायझर रिंगा असतात, रिव्हर्सला अनेकदा त्या नसतात. म्हणून खर्र असा आवाज प्रथम रिव्हर्सलाच येतो. असेच चालवत राहिलात तर पुढच्या गिअरच्या रिंगाही झिजतील, आणि ते काम क्लच प्लेटच्या कामापेक्षा पुष्कळ महागात पडते.

मुळात क्लच वर का पकडू लागला होता, हेही पाहायला हवे. क्लच प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट तितकीच फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिला दाबून ठेवणाऱ्या चकतीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगची मधली बोटे (पट्ट्या) उलट दिशेला, रिलीज बेअरिंगकडे येतात. केबल क्लचमध्ये त्यामुळे फ्री प्ले आपोआप कमी होत जातो आणि क्लच वर पकडू लागतो. नवख्या माणसाला वाटते की केबल ताणली गेली असेल, पण केबल लांबल्यावर नेमके उलटे घडते. फ्री प्ले वाढतो आणि क्लच खाली, जमिनीजवळ पकडतो. फ्री प्ले अगदी संपला की बेअरिंग बोटांवर कायम दाबून बसते, प्रेशर प्लेटची पकड ढिली पडते आणि चढावर क्लच घसरू लागतो. अशा गाडीत पेडलच्या बोल्टला हात न लावता गिअरबॉक्सकडच्या टोकाचा नट काही फेरे सैल केला असता तर बहुधा काम भागले असते.

घरी मापे घेणे कोणालाही जमेल आणि ती प्रत्येकाने घ्यावीत असे मला वाटते, कारण अंकाशिवाय सांगितलेली तक्रार गॅरेजमध्ये भलतीकडे जाते. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद व थंड असू द्या. पेडलखालची मॅट काढा. स्टीलची फुटपट्टी जमिनीवर टेकवून पेडलच्या रबराच्या मधोमध वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि लिहून ठेवा. त्यानंतर पायाने नव्हे, तर बोटांनी पेडल हळूहळू दाबा. सुरुवातीला फक्त पेडलच्या परतीच्या स्प्रिंगचा हलका विरोध असतो आणि एका ठिकाणी हाताला स्पष्ट जडपणा लागतो. तिथपर्यंतचे अंतर हा आपला फ्री प्ले. पायाला हा फरक कळत नाही, म्हणून हाताचाच आग्रह धरतो आहे. केबल क्लचच्या लहान गाड्यांत हा फ्री प्ले साधारण १५ ते २५ मिमीच्या आसपास सापडतो, पण अंतिम शब्द आपल्या गाडीच्या पुस्तिकेचा.

उंचीसाठीही पुस्तिकेतील आकडा मिळाला तर उत्तमच. तो मिळाला नाही, तर क्लचचे पेडल ब्रेकच्या पेडलच्या बरोबरीला किंवा किंचित वर असावे, ही फिटर मंडळींची जुनी रीत बहुतेक लहान गाड्यांना लागू पडते. बोल्ट गाठण्यासाठी सीट पूर्ण मागे सरकवून डोके स्टिअरिंगखाली न्यावे लागते. पेडलचा दांडा वर जिथे ब्रॅकेटला जोडलेला असतो त्याच्या जवळ, पेडल परत येऊन ज्यावर टेकते तो स्टॉपर बोल्ट दिसतो. त्यावर लॉक नट असतो. बोल्ट एका पान्याने धरून लॉक नट दुसऱ्याने सैल करा. बोल्ट एका वेळी अर्धाच फेरा फिरवा, दर वेळी पेडल दोनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. उंची मूळ जागी आली की लॉक नट घट्ट करून एकदा परत मोजा, कारण नट आवळताना बोल्टही थोडा फिरतो आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काही गाड्यांत तिथे बोल्टऐवजी नुसता रबरी ठोकळा असतो. तशा गाडीत उंची बदलण्याची सोयच नसते. ठोकळा झिजला असेल तर तो नवा बसवायचा.

पेडल वर गेल्यावर आपल्या गाडीत फ्री प्ले खूप वाढलेला दिसेल, कारण केबल सैल केलेली आहे. आता बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या, केबल जिला ओढते त्या दांडीपाशी (रिलीज लिव्हरपाशी) जा. केबलच्या आटे पाडलेल्या टोकावर असलेला नट आवळला की फ्री प्ले कमी होतो आणि सैल केला की वाढतो. पुस्तिकेतील माप येईपर्यंत थोडे थोडे आवळा. काही गाड्यांत हे टोक वरून हाताला लागत नाही आणि गाडीखाली जावे लागते. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही जाऊ नये. तेवढे काम गॅरेजच्या रॅम्पवर करून घ्यावे.

शेवटी दोन चाचण्या करा. इंजिन नुसते चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता गिअर पडला तर प्लेट नीट सुटते आहे. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीस किलोमीटरच्या सुमारास असताना एक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढत जाऊन वेग त्या प्रमाणात वाढत नसेल तर क्लच घसरतो आहे. फ्री प्ले बरोबर असूनही तो घसरत असेल, किंवा नट सैल करता करता आट्यांच्या टोकाला आला असेल, तर प्लेट संपली असे समजा आणि क्लच सेट बदला. तिथे कोणतेही जुळवणीचे काम उपयोगी पडणार नाही.

आपल्या गुडघ्यासाठी आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे केबल. नऊ वर्षांच्या गाडीत केबलच्या आतील अस्तर झिजलेले असते आणि आवरणात पाणी शिरून तारेला गंज चढतो, विशेषतः गाडी कोकणात किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात वापरात असेल तर. पेडल दाबताना करकर जाणवत असेल, ते परत येताना रेंगाळत असेल, किंवा लिव्हरजवळ तारेचा एखादा जरी पदर तुटून बाहेर आलेला दिसत असेल, तर तेल-ग्रीस घालत बसू नका. नवी केबल टाका. पेडल किती हलके होते ते पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

प्रश्न : माझ्या डिझेल एसयूव्हीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा आहे. कसारा घाटात रांगेत अडकलो असताना क्लचचे पेडल मऊ पडून खाली गेले आणि अर्ध्यावरच राहिले. तीन-चार वेळा दाबल्यावर पुन्हा वर आले. एका मित्राने पेडलची उंची वाढवून घेण्यास सुचवले आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्राच्या सल्ल्याने या दोषाला हातही लागणार नाही, आणि आपली गाडी तपासल्याशिवाय पुन्हा घाटात नेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगतो. पेडल वारंवार दाबल्यावर वर येते याचा अर्थ दाब टिकत नाही. एक तर यंत्रणेत हवा शिरली आहे, नाही तर पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतले सील दाब धरत नाही, नाही तर कुठे तरी गळती आहे.

पाहणी तेलाच्या (ब्रेक फ्लुइडच्या) डब्यापासून सुरू करा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबा असतो आणि क्लचकडे जाणारी नळी त्यातील वरच्या भागातून काढलेली असते, म्हणजे गळती झाली तरी ब्रेकसाठी तळाशी तेल उरते. त्यामुळे पातळी घटली की पहिला इशारा क्लचच देतो. पातळी घटली असेल तर वरून तेल ओतून विषय संपवू नका. ते गेले कुठे, हे शोधा. डॅशबोर्डखाली, पेडलला जोडलेला दांडा (पुशरॉड) जिथे केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यातून (फायरवॉलमधून) मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो, तिथल्या रबरी टोपणाची कड किंचित उलटून आत बोट फिरवा. बोटाला ओल लागली, तर मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. तिथे कोरडे असेल तर त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर पाहा. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असेल, तर गळती बाहेरून दिसत नाही. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या तळाशी ओघळ आला तरच कळते आणि दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कुठेही ओल नसेल आणि पातळीही बरोबर असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतच तेल सीलवरून मागे सरकते आहे अशी शक्यता मोठी.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ३ साठी ताज्या तेलाचा किमान उकळबिंदू २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषलेल्या तेलाचा १४० अंश ठरलेला आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. दुरुस्तीनंतर जुने तेल पूर्ण काढून, नवे भरून, हवा काढून घ्यावी. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल या डब्यात एक थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने आतील रबरी सीले फुगून निकामी होतात. हे तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

हायड्रॉलिक क्लचविषयी आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. प्लेट झिजत गेली की स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन तितका मागे सरकतो आणि जास्तीचे तेल डब्यात परत जाते, त्यामुळे क्लच पकडतो ती जागा फारशी बदलत नाही. झीज जाणवते ती पेडल हळूहळू जड होत जाण्यात. पेडल आणि पुशरॉड यांच्यामध्ये मात्र थोडा प्ले हवाच. काही उत्पादक तो पेडलच्या टोकाशी १ ते ५ मिमी इतका देतात. पुशरॉड लांब करून हा प्ले कोणी संपवला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डब्याकडे जाणारे छिद्र झाकलेले राहते आणि तापून प्रसरण पावलेल्या तेलाला परतीची वाट उरत नाही. मग पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरून जळतो. पेडल वर आणण्यासाठी पुशरॉडला हात घालायचा मोह आपल्या गॅरेजमध्ये कोणाला झाला, तर त्याला आधी थांबवा.

प्रश्न : माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. नव्या गाडीत क्लच पूर्ण दाबण्यासाठी सीट इतकी पुढे घ्यावी लागते की स्टिअरिंग छातीजवळ येते. शोरूममधून पेडलची उंची कमी करून मागावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण स्टिअरिंगमधील एअरबॅग आणि छातीचे मधले हाड यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, असे सुरक्षाविषयक मार्गदर्शनात सांगितले जाते. मात्र पेडलची उंची कमी केल्याने ही अडचण सुटत नाही. सीट किती पुढे घ्यायची हे पेडलच्या वरच्या टोकावर अवलंबून नसून, ते तळाला टेकवताना आपला पाय किती लांब जावा लागतो यावर ठरते, आणि तळ तर आहे तिथेच राहणार. शिवाय आताच्या पुष्कळ गाड्यांत उंची बदलण्याची सोय ठेवलेली नसते आणि ब्रॅकेटमध्ये फेरफार केल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

सर्वांत आधी पायाखालची मॅट उचलून पाहा. नव्या गाडीत हौसेने बसवली जाणारी जाड, कडा उचललेली मॅट बऱ्याचदा कंपनीच्या मूळ मॅटच्या वरच टाकलेली असते. दोन थर मिळून पेडलची तळाची चाल खातात आणि चालकाला वाटते की पाय पुरत नाही. पेडल मॅटला टेकते, जमिनीला टेकतच नाही, आणि क्लच अर्धवट सुटतो. एकच पातळ मॅट ठेवा आणि ती खालच्या हुकांना अडकवा, म्हणजे सरकून पेडलखाली जाणार नाही.

मग बसण्याची जुळवणी या क्रमाने करा. सीटला उंची वाढवण्याची सोय असेल तर आधी ती पुरती वापरा. क्लच तळापर्यंत दाबलेल्या स्थितीत गुडघ्याला थोडासा बाक राहील इतकीच सीट पुढे घ्या. पाय ताठ होता कामा नये. नंतर पाठ थोडी मागे कलवा आणि स्टिअरिंग खाली-वर, तसेच मागे-पुढे करता येत असेल तर ते खाली आणून आपल्यापासून दूर सरकवा. या क्रमाने बसल्यावर छाती आणि स्टिअरिंग यांच्यात काही सेंटिमीटर तरी जास्त मिळतात. क्लच पायाच्या मधल्या खोलगट भागाने दाबू नका. चवड्याने दाबा, टाच जमिनीवर राहिली नाही तरी चालेल. पेडलवर लाकडाचा तुकडा बांधणे किंवा बाजारात मिळणारे सैल जोड लावणे मात्र पूर्णपणे टाळा. तो तुकडा निसटून ब्रेकखाली अडकला तर काय होईल, याचा विचार करा. एवढे करूनही २५ सेंटिमीटर अंतर मिळत नसेल, तर ही गाडी आपल्या देहयष्टीला योग्य नाही असे मी मोकळेपणाने सांगेन, आणि क्लचचे पेडल नसलेल्या गाडीचा विचार सुचवेन.

प्रश्न : क्लचच्या पेडलची उंची जुळवून घेतल्यापासून क्लच कितीही दाबला तरी गाडी सुरू होत नाही. बॅटरी चांगली आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पेडलच्या ब्रॅकेटवरचा स्विच तपासा. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये यासाठी बसवलेला हा स्विच पेडल तळाशी आल्यावर दाबला जातो. काही गाड्यांत वरच्या बाजूलाही एक स्विच असतो आणि त्यावरून इंजिनाच्या संगणकाला क्लचची स्थिती कळते. तसे असेल तर उंची बदलताना वरचा स्विचही पुन्हा जुळवावा लागतो, आणि ते केले नाही तर क्रूझ कंट्रोल चालेनासा होतो. पुशरॉडच्या जुळवणीत पेडलची खालची चाल कमी झाली असेल, किंवा काम करताना स्विच जागचा हलला असेल, तर पेडल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पेडल हाताने तळापर्यंत दाबून स्विचचे टोक पूर्ण आत जाते का, हे टॉर्चच्या उजेडात पाहा.

मॅटवर कठीण झालेल्या प्लॅस्टिकचा किंवा रबराचा चुरा पडलेला दिसला, तर स्विचला जाऊन टेकणारे पेडलवरचे छोटे बटण फुटले आहे. ते फुटले की स्विचचे टोक पेडलच्या पत्र्यातील रिकाम्या छिद्रात शिरते आणि दाबलेच जात नाही. हे बटण अगदी स्वस्तात मिळते, हाताने दाबून बसते आणि त्यासाठी उंचीला पुन्हा हात लावावा लागत नाही. स्विचच्या तारा एकमेकींना जोडून त्याला कायमचा बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. गाडी गिअरमध्ये उभी असताना घरातील मुलाने चावी फिरवली तर ती उडी घेईल, आणि तीच उडी रोखण्यासाठी हा स्विच आहे.